राक्षस पुऱ्या ताकदीचा ठेव

अणदूर,
१२ सप्टेंबर २०२५

चि. दीपमाला हिला आईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा सकाळी कुरकुरतो, दुपारपर्यंत गप्प होतो. उडीद काढून झाला, सोयाबीन अजून हिरवं आहे. सोबत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाठवली आहे. भाकरी शेजारच्या रुद्रम्माआजीच्या हातची. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर खेळाचं नाव काढलं की तुला ऑफिसचं काम आठवतं. म्हणून लिहिते.

आधी कबुली देते. लॉकडाऊनमध्ये तू घरी होतीस तेव्हा पप्पांना आणि मला शिकवलेला तो फासे टाकून राक्षसांशी लढायचा खेळ. तू म्हणाली होतीस, रद्दीत घाल. मी घातला नाही. दर रविवारी दुपारी आपल्या ओसरीवर तो चालतो. रुद्रम्माआजी आणि अंगणवाडीची सोनाली वीर होतात, आणि तुझ्या जागी, राक्षसांच्या बाजूला, मी बसते. सातवी शिकलेली बाई इंग्रजी पुस्तकापुढं डिक्शनरी घेऊन बसली तर दोन दिवसांत एक राक्षस वाचून होतो.

तर अडचण अशी. तू पुण्याहून आणलेलं पुस्तक जुन्या आवृत्तीचं. त्याची पानं सुटायला लागली म्हणून सोनालीनं मोबाईलवरून नवीन आवृत्ती मागवली. वीरांच्या कागदावर आम्ही नवीन पुस्तकातले आकडे भरले. राक्षस मात्र मी जुन्यातलेच ठेवले, कारण ते मला पाठ होते. नवीन पुस्तकात वीर चांगलेच अंगानं भरलेत, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पुलाखालच्या ज्या राक्षसानं पप्पांना तासभर घाम फोडला होता, तो दुसऱ्याच फेरीत आडवा.

"एवढाच व्हय?" रुद्रम्माआजी म्हणाल्या. "म्या तर चष्मा पुसून बसले होते."

पुढच्या रविवारी मी राक्षसाच्या जीवाचा आकडा दुप्पट केला आणि मारही दुप्पट केला. तिसऱ्या फेरीत आजीचा वीर गुरुसिद्धप्पा मेला. आजी चहासुद्धा न घेता उठल्या. दुसऱ्या दिवशी सोनालीकडून निरोप आला, "तिला म्हणावं, माझा माणूस गेलाय, गोड जेवण पायजे. पुरणाचं." मी पुरण घातलं. हात धुता धुता म्हणाल्या, "आता दुसरा गडी लिही. ह्या खेपंला दांडगा."

मग मी बसून मोजलं. ताटात ज्वारीचे दाणे घेतले, एक दाणा म्हणजे एक जीव. दोन्ही बाजूंनी फासे मीच टाकायचे आणि दाणे उचलायचे. एकदा कोंबडीनं अर्धा राक्षस खाल्ला. आठ-दहा लढाया झाल्यावर कळलं की जीव दीडपट करावा, मार थोडाच वाढवावा, आणि सोबतीला एखादा बारका राक्षस द्यावा. एकटा असला की केवढाही असू दे, सगळ्या मिळून त्याला लोळवतात. चौथ्या फेरीला कुणाच्या तरी तोंडचं पाणी पळालं पाहिजे, आणि चार वाजता नळ यायच्या आत निकाल लागला पाहिजे, हे माझं माप.

आता फक्त गुहेतला राक्षस राहिलाय. तोच.

त्याचे आकडे जुळवायला मी तुझी वही उघडली, रद्दीत घाल म्हणून तू पुस्तकासोबत टाकून गेलेली. जुन्या पुस्तकात त्याचा जीव चौऱ्याऐंशी. तू ते खोडून साठ केलंस. मग चाळीस, मग पंचवीस. प्रत्येकापुढं तारीख आहे. पप्पांना डायलिसिससाठी सोलापूरला न्यायचे त्या तारखा मला पाठ आहेत, त्या शेजारी लावून बघितल्या, बरोबर जुळल्या. शेवटी पंचवीसही खोडलेलं आहे आणि खाली परत चौऱ्याऐंशी.

त्या चौऱ्याऐंशीच्या रविवारी तू पुण्याहून फोनवर खेळ चालवत होतीस आणि पप्पांचा ढालवाला वीर बलभीम गुहेत पडला. जुन्या पुस्तकात शून्य म्हणजे शून्य, परत उठणं नाही. गुरुवारी पप्पा गेले. दिवस चालू असताना तू मला म्हणालीस, "आई, पंचवीसच ठेवायला पाहिजे होता." तेव्हा मला काही कळलं नव्हतं. वही बघून कळलं. तेव्हापासून तू फाशाला हात का लावला नाहीस, तेही कळलं.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. तू राक्षसांचे आकडे कमी करतेस, हे पप्पांना ठाऊक होतं. "पोरगी राक्षसाला उपाशी ठेवतीय," असं मला हळूच म्हणायचे आणि फासे उचलायचे. त्या रविवारी फोन ठेवला आणि बराच वेळ हसत राहिले. मला म्हणाले, "आज पोरीनं मला आजारी धरलं न्हाय." जेवताना चतकोर भाकरी मागून घेतली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

हे मी तीन वर्षं सांगितलं नाही. तू रडशील म्हणून नव्हे. त्यांचं शेवटचं हसणं होतं, ते मला माझ्यापुरतं ठेवायचं होतं. तुझी वही बघितल्यावर वाटलं, ते जास्त तुझं आहे.

नवीन पुस्तकात शून्यावर पडलेल्याला उठायची संधी असते, फासे टाकून. सोनाली म्हणाली, "काकू, बलभीमला उठवू की. नियमात बसतंय." मी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटलं. बलभीम जुन्या पुस्तकातला गडी, तो गेला. पण त्याची ढाल गुहेत आहे.

"ती आणाया पायजेच," रुद्रम्माआजी म्हणाल्या. "चांगली ढाल अशी टाकून येत्यात का?"

म्हणून म्हणते, दसऱ्याला ये. राक्षसाच्या बाजूला तू बस, मला वीर होऊन, माझी नागूबाई घेऊन लढायचं आहे. नवीन मापानं त्याचा जीव एकशे सव्वीस होतो, चुकलं असेल तर दुरुस्त कर. फक्त माझा गुडघा बघून कमी करू नकोस.

फासे साबणानं धुऊन ठेवलेत.

तुझी आई,
नागूबाई, जीव एकोणतीस, सगळा शाबूत