आजीच्या निवडुंगाची एकुलती एक संतती

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार (वाकले आहे कुंड्यांवर, पण नमस्कार तुम्हालाच). गुडघा काय म्हणतो? व्यायाम करता की मामींना नुसतं हो म्हणता? मी मजेत. मजेत कसली, हवेत आहे हवेत!

त्याचं असं झालं. आमच्या रोपवाटिकेच्या बाईंनी बजावलं, की हिवाळ्यात फुलणाऱ्या त्या बिनकाट्याच्या, लोंबत्या निवडुंगाची नवी जात यंदा निघाली नाही, तर माझं काचघर प्लास्टिकच्या फुलांना देणार. (प्लास्टिकच्या! माझ्या डोळ्यांदेखत!) मी पेटलेच. साऱ्या गणगोतातून कुंड्या गोळा केल्या. मावशी म्हणे आमचा जरा फिका, आत्या म्हणे आमचा खानदानी, चुलतवहिनींनी तर आपला मांडीवर बसवून आणला. मग रोज सकाळी ब्रश घेऊन याचे पराग त्याला, त्याचे याला. फळ? एक धरेल तर शपथ! शेवटी तुकडे प्रयोगशाळेत धाडले. उत्तर आलं, सगळ्या कुंड्यांत झाड एकच! नवं बिऱ्हाड थाटलं की फांदी तोडून द्यायची आपल्याकडची रीत ना, ती सगळी आजीच्या एकाच कुंडीतून चाललेली. म्हणजे मी एका झाडाचं त्याच्याशीच लग्न लावत बसले होते, आणि या जातीला स्वतःचे पराग मुळीच चालत नाहीत. (वहिनींना अजून सांगितलेलं नाही. रडतील.)

आणि मग आठवला तुमच्या न्हाणीघराच्या खिडकीतला तो रोडका निवडुंग! जंगल खात्यातर्फे या निवडुंगाच्या मूळ देशी गेला होतात, तेव्हा तिथल्या रानात वादळात पडलेल्या झाडावरून तुम्ही उचलून आणलेला. अहो मामा, तो यांचा रानातला भाऊबंद आहे! त्याच्या एका कांडीत जे वेगळेपण आहे, ते आमच्या सगळ्या कुंड्यांत मिळून नाही. त्याला कळ्या आल्यात असं तुम्ही फोनवर सहज म्हणालात आणि माझा चहा सांडला. मला फक्त पराग द्या, माझं काचघर वाचेल.

तुमची लाडकी (असं मीच ठरवलंय) भाची

ता. क. नवी जात निघाली की तिला तुमचंच नाव देणार. शब्द आहे माझा.

ता. क. दुसरा. मामी, घरातलं प्रत्येक पत्र आधी तुम्हीच उघडता, तेव्हा खरं पत्र इथून सुरू. फोनवर मागून तुमचा आवाज ऐकला, ती मरतुकडी कुंडी रविवारी कचऱ्यात जाणार म्हणून. नका हो, पाया पडते! मी शनिवारीच येते. जातीला नाव तुमचंच देईन. वरचा ता. क. मामांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि हा फाडून टाका.