मानाच्या नारळाची पावती

२१ ऑक्टोबर १९७४, सोमवार. मिरज.
आजपासून रोजनिशी. दसरा चार दिवसांवर आलाय, पण मुहूर्ताची वाट बघत बसणारा मी नव्हे. संकल्प एकच. हिंदविजय फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी या नात्याने आपलं ग्राउंड कायमचं पक्कं करून टाकायचं. एकतीस वर्षं आपण त्यावर खेळतोय आणि कागदाचा एक कपटा नाही! त्रेचाळीस साली आप्पासो इनामदार तोंडी म्हणाले, खेळा पोरांनो. बस्स, तेवढ्यावर चाललंय. जानेवारीच्या टुर्नामेंटला भोवती कनात बांधून तिकीट लावतो, त्यावर क्लबचं वर्ष निघतं. ग्राउंड गेलं तर क्लब गेला. अर्थात जातंय कशाला.

काल गोलमागे दोन माणसं साखळी टाकून मोजत होती. कोणी पाठवलं विचारलं, तर म्हणाली मानसिंगरावांनी. म्हणजे आप्पासोंचे चिरंजीव. बहुधा गॅलरी बांधून देणार. सौ. म्हणाली, गॅलरी बांधणारा तुम्हाला सांगितल्याशिवाय मोजेल का? बायकांना खेळातलं काय कळतंय.

पहाटे उठून ग्राउंडला दोन फेऱ्या मारायच्या. उद्यापासून.

२६ ऑक्टोबर, शनिवार
फत्ते! दरसाल दसऱ्याला क्लबतर्फे आप्पासोंना मानाचा नारळ जातो. आजवर आमचा कोच सिद्धू हवालदार (पलटणीतून रिटायर, एकेकाळचा झकास हाफबॅक) सोनं देता देता नारळ हातावर ठेवून यायचा. यंदा मी स्वतः बरोबर गेलो. लेटरहेड घेऊन. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पंधरा वर्षं काढलीत, एक गोष्ट पक्की शिकलोय. ज्याच्या हातात पावती, त्याचा माल. तेव्हा नारळाची पावती केली. 'आपल्या मालकीचे मैदान आपल्या कृपेने क्लबास वापरण्यास मिळत असल्याबद्दल सन १९४३ पासून दरसाल दिलेला मानाचा नारळ पोचला.' मसुदा माझाच. खाली आप्पासोंची थरथरती सही, शेजारी माझी, क्लबच्या शिक्क्यासकट. एक प्रत आपल्याला, एक पार्टीला.

बाहेर आल्यावर सिद्धू म्हणाला, आवं नानासो, दसऱ्याला समदीच एकमेकाला देत्यात, त्येचा कागद कशापायी केलासा? खेळतोय ते गपगुमान खेळत ऱ्हायचं. मी म्हणालो, हवालदार, तुमचं काम पायाचं, माझं डोक्याचं. त्यावर तो पुढे चालू लागला. पटलं असावं.

फेऱ्या अजून सुरू नाहीत. सणासुदीचे दिवस.

३ नोव्हेंबर, रविवार
ग्राउंडवर नऊ दगड रोवलेत, लाल रंग दिलेले. तीन तर आतच, एक ऐन पेनल्टी एरियात. आमचा लेफ्ट-आउट त्याला ठेचकाळला, अंगठ्याचं नख गेलं. सिद्धू म्हणाला, ह्यो प्लाट पाडायचा डाव हाय. मी म्हणालो, गॅलरीच्या पायाची खूण आहे. पेनल्टी एरियातला चुकून लागला असेल. माणूस आहे, चुकतो.

१७ नोव्हेंबर, रविवार
मानसिंगरावांनी घरी बोलावलं. चहा, चिवडा, करंजी. काय गोड माणूस! पावतीचं भारी कौतुक. असा चोख सेक्रेटरी जिल्ह्यात नाही म्हणाले. (खरंच आहे.) जुनी प्रोसिडिंग बुकं आहेत का, विचारलं. आहेत म्हणजे काय! 'मैदान दिल्याबद्दल मालकांचे आभार' हा ठराव दरवर्षी मीच लिहितो. लगेच सायकलवरून नेऊन दिली, आठच्या आठ बुकं. निघताना विचारलं, गॅलरीचं काम कधी धरताय? हसले. कळवू की तुम्हाला, म्हणाले.

येताना ग्राउंडवरून आलो. चिटपाखरू नव्हतं. कडेचं लिंबाचं झाड मुळापासून तोडलेलं. घरी येऊन जेवलो नाही. चिवडा तेलकट होता.

१ डिसेंबर, रविवार
आप्पासो दवाखान्यात. बघायला गेलो तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. म्हणाले, पोरांना म्हणावं, तिथनं उठू नका. कोण काय म्हणू दे, उठू नका. उशाशी मानसिंगराव होते, त्यांनी हळूच माझा हात सोडवला. आप्पांना बोलायची मनाई आहे म्हणाले.

औषधाच्या गुंगीत माणूस काहीही बरळतो. तरी दिवसभर हात गार वाटत राहिला.

१५ डिसेंबर, रविवार
आप्पासो गुरुवारी गेले. कृष्णाघाटावर ही गर्दी. क्लबतर्फे शोकप्रस्ताव मी वाचला. 'ज्यांच्या मालकीच्या भूमीवर आम्हा उपऱ्यांना आसरा मिळाला...' बायाबापड्या रडल्या. तोंडी शब्दावर एकतीस वर्षं निभावणारा माणूस आता कुठला. मानसिंगराव डोळे पुसत म्हणाले, नानासो, ह्याची एक प्रत द्या. सही करून दिली. सिद्धू तेवढा लांब उभा राहून माझ्याकडे बघत होता.

तेरावा झाला की गॅलरीचा विषय काढायचा.

२८ डिसेंबर, शनिवार
नोटीस आली. पंधरा दिवसांत मैदान मोकळं करा. काहीतरी गैरसमज आहे. पावती घेऊन सिद्धूबरोबर सांगलीला वकिलांकडे गेलो. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा वाचली. म्हणाले, हे कुणी लिहिलं? मी म्हणालो, मीच, कसं आहे? म्हणाले, अहो, एकतीस वर्षं तुम्ही तिथं मालकासारखे वावरलात. बिनपरवानगी बारा वर्षांच्या वहिवाटीवरसुद्धा मालकीसाठी भांडता आलं असतं. परवानगीनं खेळत होता हे त्यांना शाबीत करायचं होतं, आणि त्यांच्याकडे काय होतं? एक आजारी म्हातारा. तुम्ही त्यांना घरपोच पुरावा दिलात.

आठ बुकं आणि शोकप्रस्तावाचं मी बोललो नाही. सिद्धू बोलला.

वकील तरुण आहे, अनुभव कमी. दावा लावायला सांगितलंय. परतीच्या बसमध्ये सिद्धू माझ्या शेजारी न बसता मागच्या बाकावर बसला. कुणा ओळखीच्याने रामराम केला, तोही त्याने घेतला नाही.

१२ जानेवारी १९७५, रविवार
आज टुर्नामेंट सुरू व्हायची. कोर्टाने मनाई हुकूम दिला नाही. ग्राउंडला काटेरी तार. आमचे गोलपोस्ट उपटून तारेबाहेर नीट आडवे ठेवलेत, म्हणजे माणुसकी आहे. बाहेरगावच्या टीमना येऊ नका म्हणून तारा केल्या. पोरं नदीच्या वाळूत प्रॅक्टिस करतात. वाळूत स्टॅमिना वाढतो, हे मी सर्वांना सांगितलं. गोली आणि लेफ्ट-आउट सांगलीच्या टीमकडे गेले. जाताना पाया पडले माझ्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिद्धूने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. देत नाही. तो पोरांना घेऊन वाळूत पळतो, साठीला आलाय तरी.

२० जुलै १९७५, रविवार
समन्स बुधवारीच आलं. दाव्याची तारीख उद्या, अकरा वाजता. साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव माझं! छाती फुगली. मग नीट वाचलं. यादी मानसिंगरावांची आहे. त्यांच्या बाजूचा साक्षीदार नंबर एक मी.

वकिलांना विचारलं, नाही गेलो तर? म्हणाले, जावं लागेल. शपथेवर विचारतील, तुम्हीच लिहिलंत ना, आणि तुम्ही हो म्हणाल. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी सिद्धू घरी आला. मागे उरलेली सात पोरं. म्हणाला, नानासो, उद्या तुमची साक्ष हाय म्हनं. आमी समदी येणार, क्लबची जर्सी घालून. आपला सेक्रेटरी त्या पिंजऱ्यात एकटा कसा उभा करायचा? वकील काय बी इचारू दे, आमच्याकडं बगायचं, भ्यायचं न्हाई. मागे वळून म्हणाला, काय रं? पोरं म्हणाली, व्हय.

मी म्हणालो, या.

सौ.ने सगळ्यांना चहा केला. साक्ष कुणाकडून, ते कुणी विचारलं नाही. ती कपबशा गोळा करताना माझ्याकडे बघत राहिली. मी पोरांना जर्स्या काढून दिल्या, सिद्धूला त्याची जुनी कॅप्टनची.

सकाळी लवकर उठून सिद्धूच्या घरी जाऊन सांगतो. नक्की.