सासूबाईंच्या उंचीचा ओटा

सोम., ५ फेब्रु.
मेटे आली. डेन्मार्कची. आमच्या कंपनीची मॉड्युलर किचनं इथं खपतील का, ते बघायला. मार्केटिंगमध्ये मुरलेली बाई, पण भारतात पहिल्यांदाच. पंधरा दिवस मी तिची दुभाषी. सिडकोत एका घरी आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांपाशीच थबकली. हे का जपून ठेवतात? म्हटलं, लागतात.

गुरु., ८
वैजापूर. तीन घरं. हॉलमध्ये बसून सगळ्या बायकांचं एकच, छान आहे, काही त्रास नाही. चपला घातल्या, फाटकापाशी आलो, अन् एकेकीला कंठ फुटला. ओट्याशी कंबर धरते. ट्रॉलीत लई झुरळं. रंग तर नवऱ्यानंच निवडला. गाडीत मेटे म्हणाली, तुमच्याकडं खरी मुलाखत फाटकात होते. जन्म इथं गेला माझा, मला कधी दिसलं नाही हे.

रवि., ११
मेटेला घरी जेवायला आणलं. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. ठेच्यानं नाक लाल, तरी परत मागितला. गुरुवारी गवंडी येऊन आमचाही ओटा पाडणार, कंपनीचंच किचन बसवतोय. तिनं सासूबाईंना विचारलं, नवं किचन कसं वाटतंय?
"सूनबाई करील ते छानच."
निघताना फाटकाशी सा.बा.नी तिचा हात धरला. "हा ओटा ह्यांनी माझ्या उंचीचा बांधून घेतला होता बाई. आता उंच होणार. पाटावर उभी राहून करीन सैपाक. मला कोण विचारतंय."
मेटे माझ्याकडं बघायली. मी सांगून टाकलं, आई म्हणतात, नव्या किचनची फार वाट बघतेय.
का बोलले तसं? लाज वाटली. त्यांची नाही, माझीच.

मंगळ., १३
मेटेचा रिपोर्ट. पहिल्याच पानावर सा.बा.चा हसरा फोटो, खाली मी रचलेलं वाक्य. पुढं डेन्मार्कला जाणार ते. डबा तसाच परत आणला. लोकांच्या चुली बघत हिंडते अन् माझ्या घरी दिव्याखाली अंधार. शेवटी फोन करून तिला खरं सांगितलं. वाक्य काढते म्हणाली. मग हळूच, "त्यांच्याशी बोललीस?"
नाही.

बुध., १४
गवंडी उद्या येणार. सकाळी सा.बा. मेथी निवडत बसलेल्या. शेजारी बसले. परक्या बायांना रोज धडाधड विचारते, इथं जीभ रेटेना. म्हटलं, "आई, नवा ओटा तुमच्या उंचीचाच करू या."
त्यांनी मान वर केली नाही.
"विचारायलीस का सांगायलीस?"
गवंड्याला उद्या येऊ नको म्हणून कळवलंय. आधी सा.बा.ना नीट विचारायचंय.