दोन ओळी, एकच उत्तर

प्रिय अक्षता,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडेल. पडू दे. पण फाडू नको, शेवटपर्यंत वाच.

परवा एम.एस्सी.च्या वर्गात आपला शोधनिबंध शिकवत होते. ऐटीत सांगितलं, की सांत क्षेत्रातली, म्हणजे त्या मोजक्याच घटकांच्या जगातली, कुठलीही संख्या आपल्या बहुपदीत घाला; प्रत्येकीला वेगळी जागा मिळते, म्हणून निरोप कुलूपबंद करून परत उघडता येतो. मग हौसेनं नऊ घटकांचं छोटं क्षेत्र घेऊन फळ्यावर एक निरोप बंद केला. उघडायला गेले, तर एका खुणेमागं दोन घटक निघाले. खरा कुठला, कुणालाच सांगता येईना. तास तसाच सोडून स्टाफरूममध्ये येऊन बसले.

तेव्हा तुझी चौकटीची वही आठवली. पन्हाळ्याहून एसटीनं येताना मांडीवर धरून तू एकेक घटक हातानं घालून बघायचीस. मी हसायचे, सिद्धता झाल्यावर भाजी निवडल्यासारखं काय निवडत बसतेस म्हणायचे. एकदा ती वही माझ्यासमोर धरून तू म्हणालीस, "स्नेहल, सिद्धतेत आपण तिनानं भागलंय. या नऊ घटकांत तीन म्हणजे शून्यच की गं, शून्यानं भागून कसं चालेल?" मी वहीकडं बघितलंही नाही. विभागात सगळ्यांदेखत म्हणाले, तुला संशोधन झेपायचं नाही. तू महिन्याभरात निबंधावरचं नाव काढून घेतलंस आणि कुरुंदवाडच्या शाळेत शिकवायला गेलीस. मी त्याच निबंधावर पीएच.डी. मिळवली, नोकरीत कायम झाले.

वही विभागाच्या कपाटात सापडली. पाचवी ओळ आणि आठवी ओळ, उत्तर एकच. खाली तुझी लाल रेघ. मला फार लाज वाटली, अक्षा. अजून वाटते.

निबंध मी मागं घेतेय. चौकशी होईल, पदवीवर गदा येईल, येऊ दे. संपादकांना पत्र लिहून ठेवलंय, की ही चूक अक्षतानं सहा वर्षांपूर्वीच दाखवली होती आणि मी तिला गप्प बसवलं. पण तुला न विचारता तुझं नाव घालायचा हक्क मला नाही, म्हणून ते अजून धाडलेलं नाही. तू नको म्हणालीस तर नावाशिवाय जाईल, पण जाईल. फोन करायचं धाडस झालं नाही, म्हणून हे पत्र. वही सोबत पाठवतेय. नऊच्या नऊ ओळी मी हातानं घालून बघितल्या. तुझी एकही चुकली नव्हती.

तुझीच, म्हणू दिलंस तर,
स्नेहल