पोपटी जोडावर पांढरा हात

१० जाने. १९९८, अवसरी
मंचरला दुकानदाराने खोकं उघडलं आणि मी बघतच राहिले. तोच आपला शाळेतला कॅनव्हासचा बूट, तोच रबरी तळ, पण पांढरा नाही, पोपटी! माझ्या नंबरचा एकच जोड होता. घेतला. घरात आता पाच रंग. पण जांभळा नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, जांभळा कंपनीनं अगदी थोडा काढला व्हता. आता नाय यायचा." एसटीत खोकं मांडीवर, बाहेर कांद्याची शेतं, आणि मला मेलं सगळं जांभळंच दिसत होतं.

१७ जाने.
अलकाताईंचं पत्र. (निमगाव सावाच्या नर्सबाई. माझ्यासारख्याच बुटांच्या वेड्या, नंबरही पाचच.) त्यांच्याकडे जांभळे दोन जोड आहेत!! एक देणार, पोपटीच्या बदल्यात. जाऊ दे पोपटी. जांभळ्यासाठी कायपण. एक तारखेला येणार. दिवसभर शाळेत फळ्यावर चुकीच्या बेरजा.

२४ जाने., शनि.
सत्यानाश. पोपटी उन्हात ठेवला होता. आण्णांनी पांढरा केला. माझे वडील जन्मभर कवायतीचे मास्तर, रिटायर झाले तरी शनिवारी बुटांना पांढरं पॉलिश केल्याशिवाय चहा नाही. आपल्या बुटांसोबत माझाही जोड उरकला. "गवताचे डाग व्हते गं. लई घासलं, निघंना. मग दोन हात दिले." डोळ्यांत मोतीबिंदू, पोपटी रंग त्यांना गवताचा डाग वाटला. मी काय काय बोलले. "कुणी सांगितला होता नसता उद्योग?" ब्रश धरून तसेच उभे राहिले. जेवले नाहीत. मीपण.

२५ जाने.
धुवायला घेतला आणि थांबले. नाडीच्या एकाही कडीला पांढरं लागलेलं नाही. रबराच्या कडेवर थेंब नाही. धड दिसत नसताना, नुसतं बोटाने चाचपत... लाज वाटली. धुतला नाही.

२९ जाने.
स्वप्नात आणे गावाच्या पठारावर चालत होते. पायात काय होतं आठवत नाही. रंग होता एवढं नक्की. वारा लई.

१ फेब्रु., रवि.
ताई आल्या, जांभळा घेऊन. आधीच सगळं सांगून टाकलं, म्हटलं तुम्हाला पोपटी देता येत नाही, माफ करा. त्यांनी जोड उलटसुलट पाहिला, टाचेशी नखाने खरवडलं. आतून पोपटी डोकावला.
"अगं, असा तर कंपनीकडं पण नाय! हाच दे मला."
"ताई... विचार करते."
"आता गं काय विचार? वर्षभर जांभळा जांभळा करून डोकं खाल्लंस."
जांभळा ठेवून गेल्या. पुढच्या रविवारी येऊन दोन्हीतला एक नेणार.

४ फेब्रु.
आज जांभळा घालून पाहिला. हलका, मऊ. आरशात बघत बसले, पाय माझे वाटेनात. पांढरा ओट्यावर. इतके दिवस वाट पाहिली आणि आता दोन्ही हवेत मला. अशी कशी मी?

६ फेब्रु.
आण्णा ओसरीवरून हळूच म्हणाले, "सुनंदे, नवा जोड आलाय म्हणं. कंच्या रंगाचा? सांगून ठेव, म्हंजी मी हात लावायचो नाय."
"जांभळा."
"चांगला असंल." मग, "अन् तो दुसरा? त्याचं मी लई नुकसान केलं का गं?"
मी नाही म्हणाले. जाऊन त्यांच्या शेजारी बसले. परवा रविवार. ताईंना काय सांगायचं, अजून ठरत नाही.