हयातीचा दाखला

११ फेब्रुवारी, मंगळवार

मी अकरा महिन्यांची असताना वारले आहे.

नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. माझं नाव, माझी जन्मतारीख, आईबाबांची नावं — आणि खाली मृत्यूची तारीख. कारण : ताप. "जुन्या वह्या आत्ता कुठे संगणकावर चढल्यात, म्हणून दिसलं," म्हणाल्या. "आता नवा जन्मदाखला देता येणार नाही."

दाखला नाही तर विद्यार्थी परवाना नाही. परवाना नाही तर सीमेपलीकडचं विद्यापीठ नाही. पाच वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासल्यावर दृष्टितपासणीच्या अभ्यासक्रमाला जागा मिळालीय. १ एप्रिलला हजर व्हायचंय.

"चूक असेल ना?" मी विचारलं.

"असणारच. तुम्ही समोर उभ्या आहात की." आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

संध्याकाळी

घरी हसत हसत सांगितलं. वाटलं, बाबा पोट धरून हसतील. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. आई उठून आत गेली.

"तुला बहीण होती," बाबा म्हणाले. "जुळी. तू थोरली, ती सात मिनिटांनी धाकटी."

चोवीस वर्षांची आहे मी. आज कळतंय.

१२ फेब्रुवारी

बाबा तुटक तुटक बोलले. तेव्हा ते ट्रकवर होते, वीस दिवसांच्या फेरीला. मागे आम्हा दोघींना ताप आला. धाकटी गेली. नोंद करायला मामा गेला. "आणि त्या शहाण्याने नाव तुझं सांगितलं! कागद हातात पडला तसा त्याला घराबाहेर काढला मी."

मामा येत नाही तो यामुळे. मला वाटायचं, जमिनीवरून काहीतरी असेल.

"मग तेव्हाच दुरुस्त का नाही केलंत?"

"त्या खिडकीशी उभं राहून, ती गेली, असं पुन्हा सांगावं लागलं असतं."



१४ फेब्रुवारी

दुकानाच्या मालकांकडे कचेरीच्या कामासाठी रजा मागितली. सगळं ऐकून म्हणाले, "मेलेल्या माणसाला रजा कशाला लागते?" हसले, मग माझं तोंड बघून स्वतःच खजील झाले. आज दोन काचा फुटल्या हातून.

२० फेब्रुवारी

दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र लागतं. ज्याने नोंद केली त्याचंच. म्हणजे मामाचं.

गेले. बसस्टँडमागे त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. मला पाहिलं आणि उठून उभाच राहिला. मी सगळं सांगितलं.

"मला जे सांगितलं, तेच मी लिहून दिलं होतं," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

खळीचा ब्रश पाण्यात बुडवून धुवत बसला. मग म्हणाला, "परवाना कधीपर्यंत हवाय तुला?"

"महिन्याच्या आत."

"येतो मी. चुकलो असं लिहून देतो."

३ मार्च

नोंदणी कार्यालयात बाबा आणि मामा एकाच बाकावर. मध्ये मी. मामाने सही केली — 'नजरचुकीने थोरलीचं नाव दिलं, मयत धाकटी.'

"एवढं तेव्हाच कबूल केलं असतंस तर?" बाबा त्याला म्हणाले.

मामाने पेनाचं टोपण लावलं, खिशात अडकवलं. बाहेर पडल्यावर बाबाच म्हणाले, "घरी चल." तो म्हणाला, "पुन्हा कधीतरी."

दुरुस्त कागदावर बहिणीचं नाव पहिल्यांदा वाचलं. साधंच नाव. दिवसभर तोंडात घोळत होतं.

आई आली नव्हती. डोकं दुखतंय म्हणाली.

२१ मार्च

परवाना आला! बाबांनी तीनदा मोठ्याने वाचला, माझ्या नावावर दर वेळी थांबून. मी मात्र बॅग अजून माळ्यावरून काढलेली नाही. काल-परवापर्यंत जगात एकटी होते, आता कोणाला तरी मागे टाकून चालले आहे असं वाटतंय.

२२ मार्च

बाबा बाहेर गेले होते. आई माझी बॅग भरत होती. मान वर न करताच म्हणाली, "मामा चुकला नव्हता."

मला कळेना.

"हे फेरीवरून आले ते दारातूनच थोरलीला हाक मारत. फार लाडकी होती त्यांची. तू रांगत पुढे गेलीस. त्यांनी उचलून घेतलं, तिच्या नावाने मुके घेतले. माझ्याने सांगवलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू..."

मी धाकटी आहे. बाबांना अजून माहीत नाही.