सपनाची बटणे सपनानेच लावावीत

मी, मोतीलाल झिपरू सुरवाडे, वय ७२, शाळेचा निवृत्त प्रयोगशाळा परिचर, राहणार मेहरूण, जळगाव, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. पत्नी झुंबरबाई मार्चमध्ये वारली. त्या दुःखाने माझे डोके फिरलेले नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. मेहरूणचे घर माझ्या कमाईचे आहे. ते मुलगा रविंद्र व सून सारिका यांना समान मिळावे. शर्त कलम ४ मध्ये.

२. बँकेतील शिल्लक त्यांची मुलगी सपना, वय १०, हिच्या उपचारासाठी. तिची बुद्धी व नजर चांगली आहे, पण बोटांना बारीक काम जुळत नाही. हा आळस नव्हे. माझा धुळ्याचा मेहुणा हितेंद्र याने लग्नाच्या पंगतीत तिला धांदरट म्हटले. त्याने मागितलेले माझे घड्याळ त्याला देऊ नये.

३. झुंबरबाईची परात व पाट सपनाला. थेरपिस्ट मॅडमनी कामाचे लहान तुकडे करून रोज थोडा सराव सांगितला होता. झुंबरबाईने तिला खिरीचे गव्हले वळायला बसवले. महिनाभर नुसती पिठाची चिमूट घ्यायची, वळणे नंतर. पहिल्या वर्षी अर्ध्या तासात सहा झाले. वाकडे होते, तरी खिरीत तेच घातले. या उन्हाळ्यात सपनाने एकटीने वाटीभर वळले. हे थांबवू नये.

४. झुंबरबाई गेली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी दयेपोटी तीन दिवस सपनाला कपडे घातले, घास भरवले. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "आबा, आजी गई. मना हातबी गयात का?"
रविंद्र म्हणतो, "पोरीला कशाला छळता, आबा? मी आहे ना बटणे लावायला."
मी विचारले, "ती साठीची झाल्यावरही येशील का?"
म्हणून शर्त अशी: बटण, बक्कल, वेणी, डबा सपनाने स्वतः करावे, कितीही वेळ लागो. रविंद्रने मध्ये हात घातल्यास घरातील त्याचा वाटा सपनाच्या नावे व्हावा. लक्ष सारिकाने ठेवावे.

५. वरील मजकूर रविवारी रविंद्रला वाचायला दिला. सोमवारी शाळेची रिक्षा दारात हॉर्न वाजवत होती आणि सपनाच्या सँडलचे बक्कल लागत नव्हते. रविंद्र पायरीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिला. रिक्षा निघून गेली. नंतर बक्कल लागले. त्याने तिला मोटारसायकलवर शाळेत सोडले.
सबब रविंद्रचा वाटा काढून घेण्याची शर्त मी रद्द करीत आहे. बाकी सर्व कायम.

हे दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवून त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: मोतीलाल झिपरू सुरवाडे

साक्षीदार:
प्रशील भालेराव, मेहरूण (सही)
सुगंधाबाई तायडे, नशिराबाद (सही)

जळगाव, दि. १५ जुलै २०२५